चाळीसगावचे गृहस्थ

नाना तुमच्याकडेही आहेत. तुमच्याकडे ते अण्णा असतील, सोसायटीचे माजी सेक्रेटरी असतील, सुनेचे मामा असतील किंवा भिशीतल्या एखाद्या मावशी असतील. नाव-गाव बदलेल, माणूस तोच. लग्नाच्या पंगतीत जिलबी आली की तुम्ही पानावर हात आडवा धरता, तेव्हा तीन पानं पलीकडून 'का हो, शुगर का?' असा जो आवाज येतो तो नानांचा. या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसतं. मधुमेह किती वर्षांचा, कोणत्या प्रकारचा, इन्सुलिन चालू आहे की नुसत्या गोळ्या, डोळे आणि मूत्रपिंडं कशी आहेत, यातलं नाना काहीही विचारत नाहीत. रोगाचं नाव त्यांना पुरतं. जिलबीवाला पुढच्या पानावर सरकेपर्यंत अनशापोटी कारल्याचा रस सांगून झालेला असतो. मसालेभाताची दुसरी फेरी येते तेव्हा रात्रभर भिजवलेल्या भेंडीचं पाणी चाललेलं असतं, आणि मठ्ठ्यापर्यंत मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड आणि विजयसारच्या लाकडी पेल्यात ठेवलेलं शिळं पाणी इथवर मजल गेलेली असते. 'महिनाभर करून बघा. गोळ्या सुटल्या नाहीत तर नाव लावणार नाही.' आणि मग, तुमच्या चेहऱ्यावरची शंका अचूक ओळखून, जरा जवळ सरकून, आवाज खाली आणून: 'चाळीसगावला एक गृहस्थ आहेत…'

चाळीसगावच का, याला कारण आहे. साक्षीदार पुण्याचा असून चालत नाही, कारण पुण्याचा श्रोता पत्ता मागेल आणि खरोखर जाऊन बेल वाजवेल. लंडनचा असूनही चालत नाही; तिथलं हवापाणी वेगळं. चाळीसगाव बरोबर बेताच्या अंतरावर पडतं. मुंबईहून भुसावळकडे जाताना प्रत्येकाने ते खिडकीतून पाहिलेलं असतं, धुळ्याची गाडी तिथून सुटते हे माहीत असतं, आणि उतरलेलं फारसं कोणी नसतं. (चाळीसगावकरांनी रागावू नये, त्यांच्या नानांचे गृहस्थ इचलकरंजीला राहत असणार.) या गृहस्थांचा वैद्यकीय इतिहास नानांच्या तोंडून तुकड्यातुकड्याने जमवला तर थक्क व्हायला होतं. त्यांची साखर चारशेच्या वर होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. कारल्याच्या रसाने ती शंभरावर आली आणि आज ते दोन्ही वेळा श्रीखंड खातात. त्याच गृहस्थांना आमवात होता, कूस बदलता येत नव्हती. तांब्याचं कडं घातलं आणि तिसऱ्या महिन्यात पाटणादेवीला पायी जाऊन आले. थायरॉइड त्यांनी धन्याच्या पाण्यावर घालवला, मुतखडा कुळथाच्या कढणावर. दमा हैदराबादच्या माशाने गेला. दर वर्षी मृगाच्या सुमाराला तिथे बत्तिनी घराण्यातली मंडळी जिवंत माशाच्या तोंडात औषध भरून तो मासा दम्याच्या रोग्याच्या घशाखाली उतरवतात, त्यासाठी हजारोंची रांग लागते, हे अगदी खरं आहे. पण त्या हजारोंतला मासा लागू पडलेला माणूस कोण, असं विचारलं तर नानांच्या लेखी हाच. 'ते मासे खातात?' 'छे, माळकरी आहेत. औषध म्हणून चालतं.' एकाच माणसाच्या वाट्याला इतके चिवट रोग यावेत आणि प्रत्येकातून तो खडखडीत उठावा, असं उदाहरण जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात दुसरं नसेल.

नानांना हसणं सोपं आहे आणि ते मी पुढेही करणारच आहे, पण त्यांची एक सवय आधी नीट पाहायला हवी. नाना सगळ्याच आजारांवर बोलत नाहीत. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ते काढे सांगत नाहीत. 'टाके कधी काढणार?' एवढं विचारतात, मोसंब्यांची पिशवी टेबलावर ठेवतात आणि उठतात. टायफॉइडला, मोतीबिंदूला, बाळंतपणाला त्यांची वागणूक रीतसर आणि थोडक्यात असते. वाणी सुटते ती मधुमेह, संधिवात, दमा, थायरॉइड, सोरायसिस, अर्धशिशी अशा ठिकाणी, म्हणजे जिथे डॉक्टर 'हे आता सांभाळायचं' असं म्हणून चिठ्ठी हातात देतात. हा योगायोग नाही. आजारपणाचे आपले सगळे रिवाज संपणाऱ्या आजारासाठी बेतलेले आहेत. भेटायला जायचं, शहाळं न्यायचं, 'आता आराम कर' म्हणायचं, माणूस हिंडूफिरू लागला की त्याच्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला जायचं. आणि तसं झालं नाही तर दुसऱ्या टोकाचे रिवाजही दहाव्या-तेराव्यापर्यंत पक्के ठरलेले. मधे जो अडकलेला असतो, जो बराही होत नाही आणि जातही नाही, वीस वर्षं रोज सकाळी बोटाला सुई टोचून, आकडा वहीत लिहून, डबा घेऊन कामावर जातो, त्याच्याशी काय बोलायचं याची रीत आपल्या वाडवडिलांनी घालूनच दिली नाही. त्यांना तशी गरज पडली नसेल, आपल्याला पडते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. एवढ्या लोकांना भेटल्यावर काय बोलायचं, हा मोठाच सामाजिक प्रश्न आहे आणि नानांनी तो आपल्यापुरता सोडवला आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: 'कायमचं' हे ज्याला ऐकवत नाही तो माणूस घाईघाईने जे बोलून टाकतो, त्यालाच आपण सल्ला म्हणतो. रोगी ते ऐकून घेतो, पण बोलणाऱ्याने ते बोललेलं असतं स्वतःचा जीव भांड्यात पडावा म्हणून.

मग हे उपाय लागू पडताना दिसतात त्याचं काय? दिसतात खरे, आणि नाना खोटंही बोलत नाहीत. चिवट दुखण्याची चाल सरळ नसते. संधिवात चढतो, उतरतो. दमा हवेप्रमाणे बदलतो. सोरायसिस एखाद्या हिवाळ्यात पेटतो आणि उन्हाळ्यात कोणी काही न करता निवतो. माणूस नवा उपाय कधी धरतो? दुखणं अगदी असह्य झालं की. आणि असह्य झालेलं दुखणं पुढच्या काही दिवसांत बहुधा थोडंफार उतरतंच, त्या दिवशी मनगटात तांब्याचं कडं घातलेलं असो वा नसो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, आणि नाना कावळ्याचा सत्कार करतात. १७९९ साली इंग्लंडातल्या बाथ गावी जॉन हेगार्थ नावाच्या डॉक्टरने या सत्काराची मोठी मजेदार परीक्षा घेतली होती. तेव्हा पर्किन्स नावाच्या अमेरिकन माणसाने काढलेल्या टोकदार धातूच्या कांड्यांची चलती होती. दुखऱ्या सांध्यावरून त्या फिरवल्या की आतलं दुखणं ओढलं जातं, अशी ख्याती. हेगार्थने तशाच कांड्या लाकडाच्या करवून घेतल्या, धातूच्या वाटाव्यात म्हणून रंगवल्या आणि जुनाट संधिवाताच्या ५ रोग्यांवर फिरवल्या. ४ जणांना आराम वाटला. अलीकडे २०१३ साली यॉर्कच्या संशोधकांनी आमवाताच्या ७० रुग्णांना तांब्याची कडी, चुंबकाचे पट्टे आणि त्यांच्या नकली जोड्या पाळीपाळीने वापरायला दिल्या. दुखणं, सूज, रोगाची प्रगती, कशातही दखल घेण्यासारखा फरक आढळला नाही. नानांना हे सांगितलं तर ते क्षणभर विचार करतील आणि म्हणतील, 'तिकडचं तांबं.'

पण नुसत्या चढउतारांनी चाळीसगावचे गृहस्थ तयार होत नाहीत. त्यांना घडवण्यात आपला, म्हणजे रोग्यांचा, मोठा हातभार आहे. नाना महिन्याभराने पुन्हा भेटतात आणि विचारतात, 'मग, घेतलंत का?' 'नाही' म्हणालात तर सगळं पहिल्यापासून ऐकावं लागतं, वर 'मग कसा गुण येणार?' हे ऐकून घ्यावं लागतं. 'घेतलं, पण उपयोग नाही' म्हणणं त्याहून धोक्याचं, कारण मग उलटतपासणी सुरू होते. रस गाळून घेतलात? गाळायचा नसतो. कारली हिरवी की पांढरी? बिया काढल्यात? त्यावर चहा घेतलात? तिथेच चुकलं. नानांचा उपाय कधीही हरत नाही, हरतो तो रोगी. म्हणून समजूतदार माणूस तिसरं उत्तर देतो: 'हो, घेतोय. जरा फरक वाटतोय.' नाना खूश होतात, बस येते, सुटका होते. रोगी ते वाक्य विसरतो. नाना विसरत नाहीत. त्याच आठवड्यात ते नाशिकला भाचीच्या साखरपुड्याला जातात, तिथे कोणीतरी पेढ्याला नको म्हणतं, आणि नाना सांगतात, 'पुण्याला एक गृहस्थ आहेत, त्यांना चांगलाच फरक पडला.' ही बातमी धुळ्याला पोहोचते तेव्हा गोळ्या निम्म्या झालेल्या असतात आणि जळगावपर्यंत त्या सुटलेल्या असतात. म्हणजे कोणी चिकाटीने खरोखर चाळीसगावला गेलं आणि त्या गृहस्थांचं दार ठोठावलं, तर ते आदराने बसवून पुण्याच्या एका गृहस्थांची हकिगत सांगतील. या साखळीत लबाडी कोणीच केलेली नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी थोडं सौजन्य दाखवलं, एवढंच. रस पिऊन काहीही न झालेल्या माणसाची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण त्यात गोष्टच नाही. आणि ज्याचं वाईट झालं तो पंगतीला नसतो.

'अहो, पण आपल्या शास्त्रात सगळ्यावर औषध आहे,' हा आक्षेप ठरलेला. नाना हे इतक्या भक्तिभावाने म्हणतात की त्यांनी ते शास्त्र उघडलेलं नाही हे बोलून दाखवायला जीव होत नाही. चरकसंहितेत प्रमेहाचे २० प्रकार आहेत. कफाचे १० साध्य. पित्ताचे ६ याप्य, म्हणजे पथ्यपाणी आणि औषध चालू आहे तोवर आटोक्यात राहणारे. आणि वाताचे ४ असाध्य. मधुमेहाची गणना या शेवटच्या चारांत आहे. तेव्हा 'हे आता सांभाळायचं' म्हणणारा आजचा डॉक्टर आणि तो जुना वैद्य यांच्यात या बाबतीत फारसं भांडण नाही. भांडण आहे ते नानांचं, दोघांशीही. सुश्रुताने तर प्रमेहाच्या रोग्याला शंभर योजनं पायी चालायला, गुरं राखायला, नाहीतर विहीर खणायला सांगून ठेवलं आहे. इतका प्राचीन, अस्सल देशी आणि बिनखर्चाचा उपाय, पण तो सांगताना नाना कधी ऐकू येत नाहीत, आणि चाळीसगावच्या गृहस्थांनीही एवढ्या आजारांत एखादी विहीर खणल्याची नोंद नाही. नानांचा उपाय पेल्यात मावला पाहिजे. शास्त्रकारांची ही अवस्था, तर हयात तज्ज्ञांची काय कथा! डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवा म्हणतात. ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खात राहा म्हणतात. दोघांचे अनुयायी महाराष्ट्रात गावोगाव आहेत, आणि सासू एका पंथाची, सून दुसऱ्या पंथाची अशा घरांत कुकरच्या शिट्ट्यांनाही वेळेचं बंधन राहिलेलं नाही. नाना मात्र दोन्ही सांगतात, एकाच रोग्याला, एकाच आठवड्यात, आणि दोन्हींचा साक्षीदार तोच. दिवसातून दोनदाच आणि शिवाय दर दोन तासांनी जेवणाऱ्या त्या गृहस्थांच्या पत्नीबद्दल मला अतिशय सहानुभूती आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे आणि त्याला टोलवून चालणार नाही. झाडपाल्यात काहीच नसतं का? असतं. मधुमेहाच्या बहुतेक रुग्णांच्या डब्यात असणारी मेटफॉर्मिन ही गोळी युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपाच्या अभ्यासातूनच पुढे आली. १९५७ साली फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी ती माणसांवर वापरल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नाना जिला 'केमिकल' म्हणून नाक मुरडतात तिचं माहेर झाडपाल्यातच आहे. मधल्या काळात तिला कोणीतरी मोजलं: किती द्यायची, कोणाला द्यायची, कोणाला मुळीच द्यायची नाही, किती जणांचं भलं झालं आणि किती जणांचं बिघडलं. विजयसारलाही आपल्याकडच्या संशोधन परिषदेने चाचणीला लावलं होतं. मोजणाऱ्यांचं झाडाशी वैर नाही. इतकंच काय, 'कायमचं' हासुद्धा दगडावर कोरलेला शब्द नाही. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात टाइप टू मधुमेह होऊन सहा वर्षं उलटलेली नव्हती अशा लठ्ठ रुग्णांना तीन ते पाच महिने देखरेखीखाली दिवसाला साधारण ८५० कॅलरींच्या पातळ आहारावर ठेवलं, नंतर सावकाश जेवणावर आणलं, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षाअखेर त्यांतल्या जवळपास निम्म्या जणांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. नाना हे वाचतील तर टाळी मागतील. पण त्या अभ्यासकांनी 'बरे झाले' असं लिहिलं नाही. रोग मागे हटला आहे, वजन परत आलं तर तोही परत येईल, तपासण्या सोडू नका, असं जपून लिहिलं. एवढी भीड बाळगली असती तर चाळीसगावच्या गृहस्थांना श्रीखंड मिळालं नसतं.

राहता राहिला सगळ्यांत जुना आक्षेप: बिचारे प्रेमाने सांगतात, त्यात नुकसान काय? आपल्याकडे १९५४ सालचा एक कायदा आहे, जादूचे उपाय आणि औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा. त्याच्या परिशिष्टात ५४ रोगांची नावं आहेत, त्यांत मधुमेह आहे, आणि ते बरे करण्याची जाहिरात करणं हा गुन्हा आहे. कायदा करणाऱ्यांनी जाहिरातदाराचा विचार केला, सुनेच्या मामांचा केला नाही. आणि ते बरोबरच आहे, नाहीतर तुरुंगात जागा पुरली नसती. पण नुकसान होतं. लहान मुलांना होणाऱ्या टाइप वन मधुमेहात शरीर इन्सुलिन तयार करणंच सोडत जातं. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचलं गेलं, त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून त्यांचे दिवस थोडे लांबवणं एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं. आता इन्सुलिन आहे. पण ते सुरू केल्यावर एक फसवा काळ येतो: स्वादुपिंडात उरलेल्या थोड्या पेशी काही आठवडे, कधी काही महिने, पुन्हा कामाला लागतात आणि इन्सुलिन अगदी थोडं पुरतं. नेमक्या याच काळात नाना काढा घेऊन येतात. युनिट कमी होताना दिसतात, श्रेय काढ्याला जातं, आणि कोणीतरी म्हणतं, 'आता पोराला टोचणं बंद करा की.' बंद केलं की थोड्याच दिवसांत रक्तात आम्ल साचतं, मूल अतिदक्षता विभागात जातं, आणि प्रत्येक मूल तिथून घरी येत नाही. मोठ्यांच्या बाबतीतही 'झाडपाला आहे, अपाय नाही' हे गृहीत धरता येत नाही. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या ६ जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य झाला नाही. वाद असेल, पण प्रमाण आणि रोगी न पाहता घराघरांत काढा उकळणाऱ्यांनी थोडं थबकायला तो पुरेसा होता. आणि या सगळ्यांपेक्षा सावकाश होणारं एक नुकसान आहे. प्रत्येक उपायाच्या पोटात एक आरोप असतो: चाळीसगावच्या गृहस्थांना जमलं, तुम्हाला का जमत नाही? दिवसभर पथ्य पाळून, गोळ्या मोजून, पावलांना जखम नाही ना हे रात्री तपासून झोपणाऱ्या माणसाला पंगतीत आळशी ठरवलं जातं, आणि तेही आग्रहाने वाढत वाढत.

एवढं सगळं नानांच्या विरुद्ध जमा केल्यावर त्यांच्या बाजूची एक गोष्ट मला टाळता येत नाही, टाळायची इच्छा असूनही. २०१७ साली जगभरच्या आकड्यांचा एक आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात भारतात प्राथमिक उपचार देणारा डॉक्टर एका रुग्णाला सरासरी सव्वादोन मिनिटांच्या आसपास वेळ देतो असं दिसलं. त्यात डॉक्टरांचा दोष कमी आणि बाहेरच्या बाकड्यांवरच्या गर्दीचा जास्त. नाना पाऊण तास देतात. त्या पाऊण तासात ते चूक बोलतात, पण उठत नाहीत. आजार नवा असतो तेव्हा विचारणारे पुष्कळ असतात. सहा महिन्यांत ते 'बरा आहेस ना?' वर येतात, त्यालाही उत्तर 'हो' असंच हवं असतं, आणि वर्षभरात घरातलेसुद्धा विचारायचं सोडतात. त्यांचंही चुकत नाही, रोज तेच काय विचारणार. वीस वर्षांनंतरही तुमच्या साखरेत ताजा रस असलेला एकमेव माणूस नाना. तुमचा तीन महिन्यांच्या सरासरीचा मागचा आकडा बायकोला आठवत नाही, तुम्हाला नीट आठवत नाही. नाना दशांशचिन्हासकट सांगतात, आणि तो वाढला असेल तर त्यांचा चेहरा खरोखर उतरतो. याचं कारण फार खोल शोधावं लागत नाही. बहुतेक नानांच्या घरात कधीतरी असं एक आजारपण होऊन गेलेलं असतं. वडिलांचा पाय काढावा लागलेला असतो, किंवा आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेता-आणता एक दिवस ते नेणं-आणणं थांबलेलं असतं. तेव्हा त्यांनी डॉक्टर सांगतील ते केलं होतं, शेजारी सांगतील तेही केलं होतं. कारलं पिळलं होतं, पेला आणला होता, कडं घडवलं होतं. ही हकिगत नाना पंगतीत सांगत नाहीत. तिच्याऐवजी ते चाळीसगावची सांगतात, कारण कुठेतरी, निदान जंक्शनच्या पलीकडे, एक माणूस पूर्ण बरा झालेला असावा, याची त्यांना तुमच्याहून जास्त गरज आहे.

तेव्हा नानांशी वाद घालण्यात अर्थ नाही. हेगार्थच्या कांड्या त्यांच्यापुढे ठेवल्या तर ते कुठल्या लाकडाच्या होत्या हे विचारतील. 'हो, घेतोय, फरक वाटतोय' हे तर कधीच म्हणू नये; त्याने आणखी एक गृहस्थ जन्माला येतो आणि जळगावात कोणाच्या तरी गोळ्या सुटतात. शांतपणे 'नाना, मी ते घेणार नाही' असं सांगावं, आणि त्यांना दुखवायच्या आत काम द्यावं. नाना कामाला नाही म्हणत नाहीत. संध्याकाळी फिरायला सोबत मागितली तर येतात, आणि सुश्रुताची शंभर योजनं नाही तरी टेकडीपर्यंतचे दोन किलोमीटर बोलण्याच्या नादात तुमच्याकडून चालवून घेतात. इन्सुलिनची बाटली बर्फाच्या डब्यातून परगावी पोहोचवायला सांगितलं तर वाटेत कुठेही न थांबता पोहोचवतात. सरकारी रुग्णालयात केसपेपरची खिडकी आठला उघडत असली तर नाना साडेसहाला रांगेत पहिले उभे असतात, तुमचे जुने कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत तारखेप्रमाणे लावलेले, सुटे पैसे मुठीत. तुम्ही पोहोचेपर्यंत मागच्या दोघांना भेंडीचं पाणी सांगून झालेलं असतं, आणि तिसऱ्या बाई ते पावतीच्या पाठीमागे लिहून घेत असतात.